चक्रीवादळाची तयारी: कोकणातल्या घरांसाठी, कामांच्या योग्य क्रमाने

वादळाची बातमी आली की किनाऱ्यावरच्या गावांत पहिली गर्दी होते ती किराणा दुकानात. मेणबत्त्या, कांदे-बटाटे, बिस्किटांचे पुडे घरात येऊन पडतात, आणि मग वारा सुटल्यावर कुणीतरी शिडी लावून पत्र्यावर चढतो. हा क्रम नेमका उलटा हवा. उंचावर चढून करायची कामं सर्वांत आधी करायची. विजेवर चालणारी त्यानंतर आणि घरात बसून होणारी शेवटी. बटाटे आदल्या दिवशी संध्याकाळीही मिळतात. छपराचं काम मात्र वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की संपलं.

हा लेख रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कौलारू, पत्र्याची आणि वाडी असलेली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पालघर आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल.

टप्पा १: तयारी कधी सुरू करायची

सर्वांत मोठी चूक म्हणजे वादळाला नाव पडायची वाट पाहणं. निसर्ग वादळाचा हिशेब बघा. १ जून २०२० ला ते अरबी समुद्रातलं साधं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीचं कमी दाबाचं क्षेत्र होतं. २ जूनच्या दुपारी ते चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं. ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नाव पडल्यापासून तडाखा बसेपर्यंत जेमतेम एक दिवस. तेवढ्यात ना सुतार मिळतो, ना माडावर चढणारा पाडेली.

म्हणून मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात पूर्व-मध्य किंवा आग्नेय अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झाल्याचं हवामान खात्याने सांगितलं, की टप्पा २ लगेच सुरू करा. वादळ नंतर ओमानकडे वळलं तरी तुमचं काही वाया जात नाही. शाकारणी आणि फांद्या छाटणं ही मृगाआधीची कामं आहेतच, ती चार दिवस आधी झाली एवढंच.

बातमी समजून घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, वेग. ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र आणि ११८ पासून अतितीव्र. हा वाऱ्याचा सरासरी वेग असतो, झोत त्याहून जोराचे येतात.

दुसरी, मार्ग. नकाशावर वादळाच्या पुढे पसरत जाणारा पंखा दाखवतात. मधल्या रेषेवर आपलं गाव नाही म्हणून सुटलो, असं समजू नका. पंख्यात कुठेही असाल तर तयारी पूर्ण करा. आणि वादळ आपल्याकडे धडकलंच पाहिजे असंही नाही. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि गुजरातेत जमिनीवर गेलं, तरी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत त्याने घरं आणि बागा झोपवल्या.

तिसरी, भरती. वादळ समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलतं. हे पाणी ओहोटीला आलं तर पुळणीपर्यंत थांबेल, पण पूर्ण भरतीला आलं तर खाडीकाठच्या घरात शिरेल. भरतीचा ढोबळ हिशेब गावात अनेकांना येतो: तिथीला तीनने गुणून चारने भागायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, षष्ठीला साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पुढची त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं असतं. वादळाची वेळ आणि भरतीची वेळ एका कागदावर शेजारी लिहा. दोन्हींत दोन-तीन तासांचंच अंतर असेल, तर सखल भागातल्या घराने थांबायचा विचार सोडून द्यावा.

पश्चिम किनाऱ्यावर आडवं येणारं वादळ असेल, तर केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांत वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि पाणी तिथे जास्त चढतं. केंद्र आपल्या उत्तरेला आहे म्हणून खाडीकाठच्या लोकांनी निर्धास्त राहू नये.

> तपासा: फोनमध्ये 'मौसम' आणि 'सचेत' ही सरकारी इशारे देणारी दोन ॲप आहेत का? सेलवर चालणारा रेडिओ घरात आहे का? व्हॉट्सॲपवर फिरणारे लाटांचे व्हिडिओ बहुधा जुने किंवा दुसऱ्या देशातले असतात. त्यावरून काही ठरवू नका आणि ते पुढेही पाठवू नका.

टप्पा २: ७२ ते ४८ तास आधी – छप्पर, झाडं, होडी

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. निसर्गनंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडे ज्यांची छपरं गेली, त्यांना पुढचे कित्येक दिवस पावसात काढावे लागले. छप्पर टिकलं तर बाकी नुकसान सोसण्यासारखं असतं.

१. छपराच्या कडा. वारा छपराला वरून दाबत नाही, उचलतो. ओढ सर्वांत जास्त असते ती कडेला, कोपऱ्यांवर आणि आढ्यापाशी. म्हणून सगळं छप्पर करायला वेळ नसेल, तर या तीन जागा आधी घ्या. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला तार ओवायला भोक असतं. कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने रिपेला बांधून घ्या. पत्रे असतील तर कडेच्या पत्र्यांचे जे-हुक एकेक हलवून बघा. गंजलेला हुक बदला आणि जिथे एक आहे तिथे दोन घाला.

२. पडवी. पडवीचं छप्पर खालून उघडं असतं, वारा त्याच्या पोटात शिरतो आणि पडवी जाताना घराचे पत्रेही ओढून नेते. पडवीचे वासे खांबांना आणि खांब जमिनीला नीट धरलेले आहेत का बघा. तात्पुरती शेड, ओटीला लावलेल्या झडी, हिरवी जाळी, दुकानाचे फलक हे सगळं उतरवा. बांधून ठेवू नका, उतरवाच.

> सावधान: पत्र्यावर सुटे दगड, चिरे किंवा टायर ठेवू नका. ही सवय गावोगाव आहे आणि ती घातक आहे. पत्रा उचलला की तोच चिरा घरातल्या माणसावर पडतो किंवा शेजाऱ्याच्या घरात जातो. वजन द्यायचंच असेल, तर वाळूच्या दोन-दोन पिशव्या दोराने जोडून आढ्यावरून दोन्ही पाख्यांवर टाका आणि दोराची टोकं खाली पक्की बांधा.

> सावधान: सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. वाशांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरून चाला. छपरावरची सगळी कामं कोरड्यात, दिवसा, आणि खाली एक माणूस उभा असतानाच करा.

३. गोठा आणि मांगर (वाडीतली झोपडी). गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर असेल, तर त्यावर जुनं मासेमारीचं जाळं पसरून चारही बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधा.

४. झाडं. घरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या काढा. माडाच्या सुक्या झावळ्या, सुके झाप आणि तयार नारळ उतरवा. हिरवा शेंडा मात्र ओरबाडू नका. पाडेली एका दिवसात सगळ्या गावाला पुरत नाही, म्हणून त्याला आधी सांगून ठेवा. छाटलेला पाला आणि उतरवलेल्या झावळ्या अंगणात पडून राहू देऊ नका, वाऱ्यात त्यांचाच मार बसतो. आणि ४८ तासांच्या आत मोठं झाड तोडायला घेऊ नका. अर्धवट तोडलेलं झाड न तोडलेल्यापेक्षा धोक्याचं.

५. होड्या. मे महिन्यात मासेमारी चालू असते, म्हणून समुद्रात गेलेल्यांना परत बोलावणं हे या टप्प्यातलं पहिलं काम. बंदरावर बावटा लागायची वाट न पाहता वायरलेसवर निरोप द्या. छोटी होडी उधाणाच्या रेषेच्या बरीच वर ओढून घ्या, इंजिन काढून घरी आणा. होडी पालथी घालून दोन्ही बाजूंनी बांधा. मोठी नौका खाडीत आत न्या. शेजारच्या नौकेशी अंतर ठेवा, दोघींमध्ये टायर सोडा आणि पाणी चढेल हे धरून दोराला ढील ठेवा.

> सावधान: नांगरलेल्या नौकेवर राखणीला माणूस ठेवू नका. तौक्तेच्या वेळी देवगडच्या आनंदवाडी बंदरात नौकांवर असलेल्या खलाशांचे जीव गेले. नौका परत बांधता येते.

टप्पा ३: ४८ ते २४ तास आधी – विजेवर चालणारं सगळं

वीज कधी जाईल ते ठाऊक नसतं आणि कधी येईल ते तर नाहीच. निसर्गनंतर काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. म्हणून दोन दिवसांची नव्हे, निदान दोन आठवड्यांची तयारी धरा. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी झालेली असेल, तर अर्धं काम आधीच झालेलं असतं.

- दळण. हे हमखास विसरतं. घरात पोतंभर तांदूळ असतात आणि पीठ दोन दिवसांचं. चक्की विजेवर चालते. भाकरीचं पीठ आणि मसाला दळून आणा.
- पाणी. टाकी काठोकाठ भरा. रिकामी प्लॅस्टिकची टाकी पहिल्या झोतात उडते, भरलेली जागच्या जागी राहते आणि पाणीही मिळतं. हंडे, कळशा, पिंप, जे असेल ते भरा. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन ते चार लिटर धरा. विहिरीवर जाळी किंवा झाकण टाकून बांधा. रहाट आणि पोहरा नीट आहेत का बघा, कारण पंप चालणार नाही.
- पैसे. टॉवर पडला की फोनवरून पैसे जात नाहीत आणि एटीएमही बंद. दहा ते शंभरच्या नोटांत पंधरा दिवसांचा खर्च घरात ठेवा. पाचशेची नोट दुकानदार मोडून देऊ शकत नाही.
- इंधन. पेट्रोल पंपही विजेवर चालतो. गाडीची टाकी भरा. गाडी झाडाखाली किंवा खांबाखाली लावू नका.
- औषधं. रक्तदाब, साखर, थायरॉईड, फिटच्या गोळ्या महिनाभराच्या आणा. इन्सुलिन फ्रिज बंद पडल्यावर मातीच्या मडक्यात ठेवा: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं आणि त्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन.
- फ्रिज. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेल्यावर फ्रिज उगाच उघडू नका.
- फोन. सगळे फोन, पॉवर बँक आणि टॉर्च भरून घ्या. इनव्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर उंचावर घ्या.
- ताडपत्री, सुंभ किंवा नायलॉनचा दोर, बांधणीची तार, खिळे. वादळानंतर या वस्तू तालुक्यात शोधूनही मिळत नाहीत. मिळाल्या तरी दुप्पट भावाने. छपराच्या एका पाख्याला पुरेल एवढी ताडपत्री आताच आणा.

दिवस भरत आलेली गर्भवती, डायलिसिसवर असलेला किंवा ऑक्सिजन लागणारा माणूस घरात असेल, तर त्याला याच टप्प्यात रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे हलवा. आडवी पडलेली झाडं तोडून रस्ता मोकळा होईपर्यंत १०८ ची गाडी तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

टप्पा ४: २४ ते १२ तास आधी – माणसं हलवणं आणि घर बंद करणं

कुठे थांबायचं हा निर्णय गावकऱ्यांनी वाऱ्याचा आवाज ऐकून घेऊ नये, दिवसाउजेडी घ्यावा. घर सोडायचंच आहे ते या स्थितीत: कच्च्या भिंती, सिमेंटचे पत्रे आणि कमकुवत वासे, समुद्र किंवा खाडीजवळची सखल जागा, मोठ्या झाडाखालचं किंवा उताराखालचं घर. प्रशासनाने हलायला सांगितलं तर वाद घालू नका.

निवारा निवडताना एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा: छप्पर. गावातल्या पुष्कळ शाळांना आणि समाजमंदिरांना पत्रेच असतात. शाळा म्हणजे सुरक्षित, असं गृहीत धरू नका. स्लॅबची, उंचावरची, जवळ मोठं झाड नसलेली इमारत शोधा, मग ते शेजाऱ्याचं घर का असेना. स्लॅबचं घर असलेल्यांनी आपण होऊन चार घरांना बोलवावं.

घर सोडताना किंवा बंद करताना हा क्रम ठेवा:

१. घराचे बाहेरून चारही बाजूंनी, छपराचे आणि वाडीचे फोटो काढा. याचा उपयोग टप्पा ७ मध्ये कळेल.
२. आधार, बँक पासबुक, सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, विम्याचे कागद आणि रेशन कार्ड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून अंगाजवळ ठेवा. कपाटात नको.
३. धान्य, गाद्या, बियाणं पोटमाळ्यावर नका टाकू, छप्पर गेलं तर तेच आधी भिजतं. पाणी शिरायची भीती नसेल तर माजघरात पलंगाखाली, भीती असेल तर टेबलावर ताडपत्रीत गुंडाळून ठेवा.
४. गॅसचा रेग्युलेटर बंद करा. मेन स्विच पाडा. छतावर सौर पॅनेल असेल तर त्याचाही स्विच बंद करा.
५. गुरांची दावी सोडा. पक्का गोठा असेल तर आत मोकळी ठेवा, नसेल तर उंचावर मोकळी सोडा. झाडाला बांधलेलं जनावर हमखास मरतं.
६. दारं-खिडक्या आतून अडसर लावून बंद करा. वाऱ्याच्या आडोशाला असलेलं एक दार मात्र चटकन उघडेल असं ठेवा.

> तपासा: ११२ (आपत्कालीन मदत), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष), १०८ (रुग्णवाहिका), १९१२ (वीज तक्रार), १५५४ (तटरक्षक दल). हे आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा. बंद पडलेल्या फोनमधले नंबर उपयोगाचे नाहीत.

मुंबई-पुण्यात असलेल्या मुला-मुलींसाठी वेगळं सांगतो. आई-वडिलांना दर अर्ध्या तासाने फोन करून त्यांची बॅटरी संपवू नका. गावातला स्लॅबच्या घरातला एक माणूस आणि गावाबाहेरचा एक नातेवाईक असे दोघे आधीच ठरवा, निरोप त्यांच्यामार्फत फिरू दे. पैसे पाठवायचे तर ४८ तास आधी पाठवा, म्हणजे ते काढता येतील. आणि वादळाच्या दिवशी गाडी काढून निघू नका. घाटात अडकलेला चाकरमानी गावाला मदत करत नाही, त्यालाच मदत लागते.

टप्पा ५: वारा सुरू असताना

आता करायचं काम एकच: आत राहणं. समुद्र बघायला जाऊ नका, मुलांना पाठवू नका, उडालेला पत्रा धरायला धावू नका.

घराच्या मधल्या खोलीत, खिडकीपासून दूर बसा. पायांत चपला नव्हे, बूट असू द्या, कारण कौलं फुटली की सगळ्या घरात खापऱ्या पसरतात. मोटारसायकलचं हेल्मेट असेल तर छप्पर वाजू लागताच डोक्यावर घाला. छप्पर जायला लागलं तर भक्कम पलंगाखाली किंवा स्लॅब असलेल्या न्हाणीघरात जा.

> सावधान: वारा एकदम पडला, आकाश उजळलं, तरी दार उघडू नका. केंद्र आपल्यावरून जात असेल तर हा फक्त मधला खंड असतो. थोड्या वेळाने वारा तितक्याच जोराने, पण उलट दिशेने येतो. पहिल्या वाऱ्यात खिळखिळं झालेलं सगळं त्या दुसऱ्या वाऱ्यात पडतं. रेडिओवर किंवा नियंत्रण कक्षाकडून वादळ पुढे गेल्याचं कळेपर्यंत थांबा.

टप्पा ६: पहिले दोन दिवस

वादळ ओसरल्यावरही माणसं दगावतात. पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असंच धरा, तुमच्या घरी वीज नसली तरी. शेजारच्या जनरेटरचा किंवा इनव्हर्टरचा प्रवाह उलटा तारेत येऊ शकतो. जनरेटर लावलाच तर उघड्यावर लावा. खोलीत किंवा पडवीत लावला तर त्याचा धूर झोपेतच जीव घेतो.

ताणाखाली वाकलेलं झाड तोडायला अननुभवी माणसाने कटर हातात घेऊ नये. बुंधा सुटला की तो उसळतो. छपरावर लगेच चढू नका, भिजलेले वासे आधी खालून बघा. ताडपत्री टाकताना ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर न्या, नाहीतर पाणी तिच्या खालून शिरतं.

विहिरीत खाडीचं किंवा पुराचं पाणी गेलं असेल तर ते पिऊ नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून घ्या आणि तोवर पाणी खळखळून उकळा, किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचे क्लोरीनचे थेंब) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. खारट झालेली विहीर उपसावी लागते, पावडरने मीठ जात नाही. पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नका. कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) असतोच. ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

टप्पा ७: पंचनामा

इथे घाई करणारे लोक हक्काची मदत घालवून बसतात. पडलेली पोफळ, मोडलेला माड, फुटलेली कौलं उचलण्याआधी त्यांचे फोटो काढा. एक दुरून, घर ओळखू येईल असा, आणि एक जवळून. टप्पा ४ मधले आधीचे फोटो त्यांच्या शेजारी ठेवा. रस्ता अडवणारं झाड हटवावंच लागतं, पण बुंधा आणि मुळं जागेवर राहू द्या.

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) यांना आपण होऊन निरोप द्या. वाडी आडबाजूला असेल तर त्यांच्यासोबत स्वतः जा. झाडं जातीप्रमाणे मोजून आधीच यादी करा: माड किती, पोफळी किती, आंबा, काजू, फणस किती, आणि त्यांतली उन्मळून पडलेली किती, नुसती मोडलेली किती. जमीन सामाईक असेल तर सातबारावर ज्यांची नावं आहेत त्यांची संमतिपत्रं लागतात, ती जमवायला आजच सुरुवात करा. अर्ध्या गावाची मदत याच कागदापायी अडकते. पीक विमा असेल तर नुकसान लगेच कळवा, आणि नेटवर्क नसेल तर तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. झाडांचा आकडा तुमच्या यादीशी जुळवा, घराचं नुकसान अंशतः लिहिलंय की पूर्ण ते पाहा, बँक खात्याचा क्रमांक तपासा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.